बैठकीचा फोटो

सुलेखानं स्टुलावर चढून बाबासाहेबांची तसबीर खिळ्यावरून उतरवली, तेव्हा मुक्ताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. आतून भांडी मात्र जरा जास्तच जोरात वाजली.

"घर विकेपर्यंतच, आई," सुलेखा म्हणाली.

तिला काय हौस होती? बजाजनगरातलं हे घर तिच्या वडिलांनी, मोतीरामांनी, कंपनीत पाळ्या करून बांधलं होतं. ते गेले आणि मुक्ताबाई एकट्या राहिल्या. थंडीत एका सकाळी त्या न्हाणीत पडल्या. शेजारच्या कडूबाईंच्या कानावर हाक जाईपर्यंत ओल्या फरशीवर तशाच पडून होत्या. आता आईला सोबत घेतल्याशिवाय सुलेखा नाशिकला परतणार नव्हती. आणि घर चांगल्या माणसांच्या हातात दिल्याशिवाय मुक्ताबाई हलणार नव्हत्या. कुलूप लावून जायचं म्हटलं की त्या जेवणच सोडायच्या.

आधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोघांनाही घर पसंत पडलं, पण फक्त बैठकीत पाऊल टाकेपर्यंत. भिंतीकडं नजर गेल्यावर एकाला एकाएकी दिशा खटकली, दुसऱ्याला मेहुण्याचा सल्ला घ्यायचा होता. मेहुणा अजून सल्ला देतोच आहे.

म्हणून या वेळी सुलेखानं आधी फोनवर फोटो पाठवायचे ठरवले. रिकाम्या खिळ्यावर तिनं शेजारच्या बद्रीनाथकाकांकडून मागून आणलेलं लक्ष्मीचं कॅलेंडर टांगलं. दर्शनी फोटो काढताना फाटक सताड उघडलं, म्हणजे फाटकावरची 'धम्मदीप' ही पाटी भिंतीकडं तोंड करून राहिली. मग बैठक, ओटा, मागची मोरी, गच्ची, कढीपत्त्याचं झाड असे एकेक फोटो तिनं विश्वजीत नावाच्या माणसाला पाठवले.

माणूस मोठा चौकस निघाला. मूळचा पिशोरचा, वाळूजला नोकरीला. आडनाव त्यानं सांगितलं नाही. सुलेखानंही सांगितलं नव्हतं, पण त्याचं न सांगणं तिला खटकलं. आत्ताचं भाड्याचं घर का सोडताय, असं तिनं विचारलं, तर शेजार जमत नाही एवढंच म्हणाला. बैठकीचा फोटो त्यानं पुन्हा मागितला, भिंत पूर्ण दिसेल असा. मग शेजारी कोण राहतं, हे विचारलं. चांगली माणसं आहेत, असं तिनं लिहिलं. त्यावर त्यानं लगेच लिहिलं, 'म्हणजे कोण?'

सुलेखाच्या डोक्यात तिडीक गेली. हा माणूस घर बघत नव्हता, जात हुंगत होता. तरी तिनं राग गिळला. डावीकडच्या बद्रीनाथकाकांचं नाव कळवलं, उजवीकडच्या कडूबाई आपल्यातल्याच म्हणून त्यांचं गाळलं.

रविवारी तो स्वतः आला, तेव्हाही फाटक तसंच सताड उघडं होतं. त्याची म्हातारी आई गाडीतच बसून राहिली, गुडघ्यांमुळं तिला पायऱ्या चढवत नव्हत्या. त्यानं आत येऊन नळ सोडून पाहिले, गच्चीवर गेला, मोरीचा उतार पाहिला. घर त्याच्या मनात भरलंय हे दिसत होतं. मग बैठकीत येऊन तो कॅलेंडरसमोर उभा राहिला. कॅलेंडराच्या कडेनं भिंतीचा रंग उजळ दिसत होता. इथं आधी काय होतं, असं त्यानं विचारलं.

"घड्याळ," सुलेखा म्हणाली.

"रोज पूजा करता?"

"हो. सकाळ-संध्याकाळ."

मुक्ताबाईंना ठसका लागला. विश्वजीतनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग खिडकीशी जाऊन गल्लीत डोकावत तो सहज विचारल्यासारखा म्हणाला, "ताई, एप्रिलमधी या गल्लीत मिरवणुकीची गडबड असते का हो? डीजे वगैरे?"

आला मुद्द्यावर, सुलेखाच्या मनात आलं. दरवर्षी जयंतीची मिरवणूक याच फाटकापाशी थांबायची आणि मुक्ताबाई पिंपभर सरबत वाटायच्या. गुडघे दुखत असतानासुद्धा.

"छे, त्यातलं काही नाय इथं," ती म्हणाली. "एकदम शांत गल्ली आहे. तसली माणसंच नाहीत आजूबाजूला."

'तसली' म्हणताना तिची जीभ अडखळली. मुक्ताबाई उठून आत गेल्या.

"अच्छा," विश्वजीत म्हणाला. आईला विचारून कळवतो असं सांगून तो चपला घालू लागला. पायऱ्या उतरताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मुक्ताबाई पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आल्या आणि दाराकडं निघाल्या. सुलेखानं त्यांचा हात धरला.

"कुणाला नेतेस? त्या म्हातारीला? आई, ती घ्यायची नाय आपल्या हातचं. उगं अपमान करून घेऊ नको."

"पाहुणी दारातून तहानलेली जाणार का?" मुक्ताबाई म्हणाल्या आणि भिंतीला हात टेकत पायऱ्या उतरल्या.

सुलेखा बैठकीतच थांबली. आईला गाडीच्या खिडकीशी ताटकळलेलं तिला बघवलं नसतं. थोड्या वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ फोन वाजला. विश्वजीतचा निरोप होता. घर चांगलं आहे, पण आईला इथं करमणार नाही, माफ करा.

तिला रडूच आलं. एवढं सगळं करून याला कळलं तरी कशावरून? तिनं फडताळं उघडून पाहिली, देव्हाऱ्यासारखा मांडलेला कोनाडा पाहिला, दारामागं पाहिलं. कुठं काही राहिलं नव्हतं. आता पुन्हा फोटो, पुन्हा नवं गिऱ्हाईक, आणि तोवर आई या घरात एकटी.

मुक्ताबाई रिकामा ग्लास घेऊन परत आल्या आणि खुर्चीत टेकल्या.

"प्याली?" सुलेखानं डोळे पुसत विचारलं.

"प्याली की. सगळं प्याली," मुक्ताबाई म्हणाल्या. "ग्लास माघारी देताना हात जोडून जय भीम म्हणाली. मी उलटून म्हणणार, तोवर लेकानं घाईघाईनं काच वर केली."