चुना लावलेली तिपाई

उपग्रहाची चूक सुधारणारं यंत्र मदतनीस माऊलीनं केदारखेड्याच्या टेकडीवर तिपाईवर चढवलं. ती सरकली तर कळावं म्हणून नेहमीप्रमाणे तिन्ही पायांखाली चुना टाकला.

खाली शेतात मोजणीदार रिजवान मोजणीचा दांडा धरून उभा होता. तो जागचा हलला नव्हता, तरी दांड्यावरच्या स्क्रीनवर तिपाईपर्यंतचं अंतर घटत होतं. चारशे मीटर. तीनशे.

त्यानं फोन लावला. "माऊली, तिपाई हलवली का रे?"

"बिलकुल न्हाई. इथंच बसून राह्यलो."

रिजवाननं वर पाहिलं. तिपाई टेकडीवरच होती. अंतर पन्नास.

"हात जोडतो, यंत्र बंद कर!"

"कवाच बंद केलं, रिजवानभाई."

दांड्यासकट तो जिवाच्या आकांतानं पळाला. धाप लागून थांबला, तेव्हा आकडा शून्य होता.

त्याच्याभोवती काळ्या मातीत तीन ताजे खड्डे होते. तिन्हींत चुना.