कालव्याचं वळण

सत्कार संपला, सभागृह रिकामं होऊ लागलं, तरी साहेबांच्या कानात टाळ्या घुमतच होत्या. सगळ्यात मोठी टाळी अध्यक्षांच्या नेहमीच्याच वाक्याला पडली होती: "पाटबंधारे खातं हातात असताना साहेबांनी कालवा स्वतःच्या गावाला वळसा घालून पुढे नेला. का? तर शेतकऱ्याच्या पोरानं आधी स्वतःचंच शेत भिजवलं, असं कुणी म्हणू नये!" या एका गोष्टीच्या जोरावर साहेब प्रत्येक निवडणुकीत तरून गेले होते.

त्यांनी वळून पाहिलं, तर थोरला भाऊ मंचावरच्या टेबलावरून पाहुण्यांच्या अर्धवट राहिलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलून पिशवीत भरत होता.

"दादा, अरे लोक बघतायत! काय हे?"

"झाडाला होईल रे. दारातलं तेवढं एकच जगलंय."

साहेबांना गलबलून आलं. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या तत्त्वापायी तुझं शेत करपलं. पण तू कधी चकार शब्द काढला नाहीस."

"आपल्या शेताचं काय घेऊन बसलास? घरचंच होतं. तू नको म्हणालास, मी गप्प बसलो." दादानं पिशवीला गाठ मारली. "पण बाकीचं गाव अजून मला विचारतं, आमचं काय चुकलं? काय सांगू त्यांना? तू त्यांच्यात जन्मलास, एवढंच चुकलं?"