जाळीजवळची खुर्ची

"भट्टी बदलायची की नाही ते तूच सांग, आई. घर तुझ्या नावावर आहे," डार्सी म्हणाला.

नेटीबाईंनी तळघराच्या जिन्याकडे पाहिलं. तळघरातली ती अवाढव्य भट्टी नवऱ्याने हौसेनं बसवलेली. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या थंडीत तिनंच आजवर घर ऊबदार ठेवलं होतं. आता म्हणे तिला आतून तडा गेलाय.

"विषारी वायू घरात पसरेल, आजी. वासही यायचा नाही. झोपेतच कारभार आटपेल," मेकॅनिक म्हणाला. "नवी घ्या. गरम हवेचे नळही नवे देतो, आतून अस्तर लावलेले. आवाज म्हणून नाही यायचा."

नेमकी तीच तर भीती होती.

त्यांच्या वरच्या खोलीत त्या नळाच्या तोंडावरल्या जाळीतून गरम हवेबरोबर स्वयंपाकघरातलं बोलणंही वर यायचं, अगदी शब्द न् शब्द. नेटीबाईंनी खुर्चीच तिथं मांडली होती. सवय वाईट, हे त्यांना कळत होतं. पण करणार काय? मैत्रीण पॉलीला मुलांनी 'हिवाळ्यापुरतं' म्हणून वृद्धाश्रमात ठेवलं. कितीतरी उन्हाळे आले नि गेले, पॉली तिथंच. आपल्याही मुलाच्या मनात काय आहे ते कळायला नको?

आजवर वावगं काही कानावर आलं नव्हतं. उलट सून शेली चर्चमध्ये वाचून दाखवावं तशी मोठ्यानं, स्पष्ट बोलायची. "आज आईंच्या आवडीचं बीटचं सूप करते हं."

दोघांचं एकच खूळ होतं. जेवण झालं की अंगणातल्या ट्रकमध्ये जाऊन बसायचे. एवढ्या कडाक्यात! डार्सी म्हणायचा, इंजिन गरम करतो. इंजिनाला विजेचा हीटर लावलेला असायचा तो कशाला मग? नेटीबाई खिडकीतून बघायच्या नि स्वतःशीच हसायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी थेरं सुटत नाहीत यांची.

मेकॅनिक गेल्यावर त्या वर येऊन खुर्चीत बसल्या. खालून डार्सीचा आवाज आला, "आई कुठंही जाणार नाही. मी आहे तोवर याच घरात राहील."

"मग काय! मी करीन की त्यांचं सगळं," शेली म्हणाली.

नेटीबाईंचे डोळे भरून आले. लाजही वाटली. अशी गुणाची मुलं, आणि आपण चोरासारखा कान लावून बसतो. त्या तशाच खाली गेल्या.

"बसवा नवी," त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात नवी भट्टी बसली. खोली छान ऊबदार झाली, पण जाळी मुकी. नेटीबाईंना करमेना. दोन शब्द बोलावेत म्हणून लोकरी मोजे घालून, कठड्याला धरून त्या जिना उतरल्या. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं.

"मग वृद्धाश्रमात इथूनच फोन करू?" शेली विचारत होती. "वर खरंच ऐकू जात नाही ना?"

"सकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या खोलीत उभं राहून पाहिलं. तुझा रेडिओसुद्धा ऐकू आला नाही," डार्सी म्हणाला. "सुटलो एकदाचे. आता आईचं काही बोलायचं तर त्या गारठलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसायला नको."