चतुर्दशीचा घास

उषाताईंनी पातेल्यातला सगळा मऊभात तूप घालून दोन्ही हातांनी वळला आणि नारळाएवढा गोळा नवऱ्याच्या ताटात ठेवला.

चंद्राची कला घटेल तसा रोज एक घास कमी करायचा, अमावास्येला कडक उपास. मग पोटातली गाठ विरघळेल, अशी मुकुंदरावांची खात्री. गाठ तशीच होती, पण त्यांना आता भिंत धरूनही उभं राहता येत नव्हतं. दवाखान्यात चला म्हणून उषाताई रडून दमल्या होत्या. आज चतुर्दशी, एकच घास.

“अगं, हा घास?”

“एकच आहे. मोजा.”

“तोंडात मावेल का?”

“तोडून भरवते. तोडला तरी तो एकच.”

मुकुंदराव बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी आ केला.

“रिक्षा बोलावलीय,” उषाताई म्हणाल्या. “उरलेला वाटेत भरवते. दवाखान्यापर्यंत पुरेल.”