डावीकडची शेवटची दाढ

"तोंड आणखी उघड, आई. हीच ना?"

आईने बोट लावून दाखवलं. खालची, डावीकडची, त्या बाजूला उरलेली शेवटची दाढ. दातांचा डॉक्टर असलेल्या मुलाने ती आरशातून मागून-पुढून पाहिली. कीड नव्हती, हलत नव्हती, हिरडीला सूज नव्हती. एक्स-रेसुद्धा स्वच्छ. आधी काढलेल्या दाढांचंही असंच होतं. पण भुलीचं इंजेक्शन दिलं की आईची कळ जागच्या जागी थांबायची, मग दुखणं दाढेचंच, याला आणखी काय पुरावा हवा? शिवाय चार दिवसांनी विचारलं की आई म्हणायची, "आता हायसं वाटतंय रे." महिन्या-दोन महिन्यांनी शेजारची दाढ ठणकायला लागायची.

त्याने तिचा जबडा डाव्या हाताने अलगद धरला. "इथे दुखतंय? कधीपासून? जेवताना जास्त की नुसतं बसल्यावर?" सगळं नीट विचारलं, नीट ऐकून घेतलं. पेशंटशी तो फार गोड वागायचा, त्याची ख्यातीच होती तशी.

घरी मात्र त्याचे कान मोबाईलला आणि डोळे ताटात. आईने काही दुखल्या-खुपल्याचं काढलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे, "माझा एक मित्र आहे, त्याला फोन करून ठेवतो." गुडघ्यांना एक मित्र होता, डोळ्यांना एक, ब्लडप्रेशरला एक. ड्रायव्हर तिला नेऊन आणायचा. सगळे मित्र आपापल्या कामात हुशार, नावं ठेवायला जागा नाही. दातांसाठी तेवढी मित्राची गरज नव्हती.

दाढ निघाली. धडधाकट, मुळांसकट.

आठवड्याने आई जखम दाखवायला आली. मदतनीस बाईंनी तिच्या गळ्याशी रुमाल लावला, त्याची कड ओठाला जरा घासली, आणि आई किंचाळली. बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. वीज शिरल्यासारखी कळ ओठापासून कानापर्यंत गेली आणि क्षणात ओसरली. आई घामाघूम झाली होती. खालच्या डाव्या बाजूला आता दोष द्यायला एकही दाढ नव्हती.

मुलगा पांढराफटक पडला. एवढ्याशा स्पर्शाने एवढी कळ कशाने येते, हे तो शिकला होता. त्यावर परीक्षेत पानं भरून उत्तरही लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून तो स्वतः आईला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

तपासून झाल्यावर त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं.

"चेहऱ्याची नस आहे ही," ते मुलाला म्हणाले. "एक फांदी कपाळाला, एक गालाला, एक खालच्या जबड्याला. आत नसेच्या मुळाशी रक्तवाहिनी घासत असणार. खालच्या फांदीला तर तुम्ही रोज भूल देता. ती बधिर झाल्यावर कळ थांबणारच. दाढांनी काय पाप केलं होतं?"

"पण प्रत्येक दाढ काढल्यावर तिला महिनाभर तरी बरं वाटायचं."

"मला नाही वाटत. भूल उतरली की त्याच संध्याकाळी कळ परत आली असणार. त्यांनाच विचारा."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

गाडीत बसल्यावर मुलाने किल्ली फिरवलीच नाही. त्याला लाज वाटत होती आणि रागही आला होता. राग जास्त होता.

"आई, पहिली दाढ काढली, त्याच संध्याकाळी परत दुखायला लागलं होतं ना?"

"हो."

"आणि पुढच्या दाढांच्या वेळी?"

"तेव्हाही."

"मग बोलली का नाहीस? चांगल्या दाढा उपटत बसलो मी तुझ्या! एकदा, फक्त एकदा खरं सांगितलं असतंस तर?"

बोलताना कळ येऊ नये म्हणून आईने ओठ अगदी हळू हलवले.

"तर तू मला एखाद्या मित्राकडे पाठवलं असतंस."