तीन मतांचे आभार

“‘मासळी पचली असेल अशी आशा आहे.’ हे असंच छापायचं?” वॉनिटाने चष्म्यावरून बघत विचारले.

“असंच. एक अक्षर बदलायचं नाही,” ऑर्व्हल स्टकी म्हणाला.

निवडणूक झाली की पुढच्या गुरुवारी हार्लो काउंटीतले सगळे उमेदवार, जिंकलेले आणि हरलेलेही, साप्ताहिकात चार ओळींचे आभार छापत. वॉनिटा ते साप्ताहिक एकटीच चालवायची. शाळेत ती ऑर्व्हलच्या पुढच्या बाकावर बसे, त्यामुळे त्याचे अक्षर तिच्या ओळखीचे होते. आज ते कागद फाटेल इतके दाबून आले होते. “सॉल्ट क्रीकमधल्या ज्या तिघांनी मला मत दिलं, त्यांचे आभार. बाकीच्या नव्वद जणांना माझ्या अंगणातली मासळी पचली असेल अशी आशा आहे.”

काउंटी कमिशनरच्या जागेसाठी तो रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत उभा राहिला होता. डेमोक्रॅटांनी त्या काउंटीत कित्येक वर्षे उमेदवारच दिला नव्हता. मे महिन्यात जो जिंकला, तो नोव्हेंबरात जिंकल्यातच जमा. ऑर्व्हल प्रचारात एकच गोष्ट बोलला, ओढ्यावरच्या पुलाची. पूल चार वर्षे बंद होता आणि पलीकडच्या शेतावर जायला अकरा मैलांचा वळसा पडत होता. प्रचाराच्या शेवटी त्याने अंगणात कढई चढवली आणि गावाला तळलेली मासळी खाऊ घातली. लोक बोटे चाटत म्हणाले, “ऑर्व्हल, मत तुलाच.”

काउंटीत पडलो याचे त्याला फारसे काही वाटले नव्हते. पण सॉल्ट क्रीकमध्ये, स्वतःच्या गावात, तीन मते! एकसष्ट वर्षे ज्यांच्यात काढली, त्या माणसांत तीन!

“आणि तिघं तरी कोण? मी, बायको लेओटा आणि बहीण मॅक्सिन. म्हणजे सगळी घरचीच,” तो म्हणाला.

“हे छापलं तर रविवारी चर्चमध्ये कुणाशेजारी बसणार आहेस?”

“बसणारच नाही. शेत विकून मुलीकडे ॲरिझोनाला जाऊ, असं लेओटा म्हणते.”

“लेओटा म्हणते?”

“बरं, मी म्हणतो.”

वॉनिटा उठली आणि काउंटी कचेरीतून आलेली मतदारांची यादी तिने त्याच्यापुढे सरकवली. “मग मोघम कशाला लिहितोस? नावानिशी लिही. कोण कोण येऊन गेलं ते बघ.”

मत कुणाला दिले ते कुणालाच कळत नसे. पण प्राथमिक फेरीत मतदाराने कोणत्या पक्षाची मतपत्रिका मागितली, ते यादीत नावापुढे लिहिलेले असे आणि ते कुणीही वाचू शके. ऑर्व्हल बोट फिरवू लागला.

“बर्गस्ट्रॉम. तीन ताटं खाल्ली यानं. ओडम. डबा भरून घरी घेऊन गेला. हा टिली, याला तर काटेसुद्धा मी काढून दिले!” प्रत्येक नावापुढे ‘आर’ होता, म्हणजे रिपब्लिकन. मग बोट अडखळले. “मॅक्सिनचं नाव कुठंय?”

“ती आलीच नाही. गुडघा धरलाय तिचा. तुला सांगायची लाज वाटली असेल.”

“म्हणजे मग तिसरं...”

बोट आणखी दोन ओळी खाली गेले आणि थांबले. हार्टुंग, रॉस्को. पुढे ‘आर’.

“ही छपाईची चूक आहे,” ऑर्व्हल म्हणाला.

रॉस्को हार्टुंग ओढ्यापलीकडे राहायचा. गावातल्या डेमोक्रॅटांचा तो चाळीस वर्षे प्रमुख होता. त्याच्या गोठ्याच्या भिंतीवर त्याच्या पक्षाचे नाव दोन हात उंच रंगवलेले होते. मासळीच्या दिवशी लेओटा म्हणाली होती, “रॉस्कोलाही बोलाव की.” त्यावर ऑर्व्हल कढईजवळूनच ओरडला होता, “कशाला मासळी वाया घालवायची? त्याच्याकडं आपल्याला देण्यासारखं मतच नाही!” सगळे हसले होते. ओढ्यापलीकडे रॉस्को कुंपणाच्या तारा ओढत होता. तिथवर सगळे ऐकू जात होते.

“चूक नाही,” वॉनिटा म्हणाली. “काल आला होता तो. त्यानंही एक जाहिरात दिलीय. पक्षाचं पद सोडतोय म्हणून. प्रमुखानंच दुसऱ्याची पत्रिका मागितली, तर पद ठेवतील का? मी म्हटलं, रॉस्को, चाळीस वर्षांनी बाटलास की रे. तर म्हणाला, पूल कुठल्या पक्षाचा असतो गं?”

ऑर्व्हलने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“अजून काही म्हणाला?”

“म्हणाला, ऑर्व्हलला कळू देऊ नकोस. नाहीतर उगीच मासळी खायला बोलवेल.”

बाहेर कुणाचा तरी पेरणीचा ट्रॅक्टर खडखडत गेला. ट्रॅक्टरवाल्याने खिडकीतून ऑर्व्हलला पाहून हात केला. तो बर्गस्ट्रॉम होता. ऑर्व्हलचा हात सवयीने वर गेला आणि तसाच थोडा वेळ राहिला.

मग त्याने आपला कागद परत मागितला, दुमडून खिशात घातला आणि दुसरा घेतला. या वेळी तो हळू लिहीत होता. रॉस्कोचे नाव त्याने एकदा लिहिले आणि खोडले. लिहून झाल्यावर टोपी घालून तो उठला.

“घाईत दिसतोस,” वॉनिटा म्हणाली.

“मासळी तळून न्यायचीय. अकरा मैल वळसा आहे, गार व्हायच्या आत पोचायला हवं.”

तो गेल्यावर वॉनिटाने कागद उजेडात धरला.

“माझ्या गावानं मला तीन मतं दिली. माझ्या लायकीपेक्षा एक जास्त. सगळ्यांचे आभार. ऑर्व्हल स्टकी.”