डाव्या डोळ्यातलं पांढरं

स्क्रीनवर फोटो उमटला आणि फोटोग्राफरबाईंचा हात जागच्या जागी थांबला. ठमीचा उजवा डोळा लाल आला होता. डावा पांढरा.

लाल डोळ्याचं त्यांना काही वाटलं नाही. भिंगाभोवतीच्या गोल फ्लॅशचा उजेड थेट बाहुलीत शिरतो, निरोगी डोळे लाल यायचेच. पण पांढरा डोळा त्यांनी फक्त एकदा, दवाखान्यातल्या एका चित्रात पाहिला होता. चित्राखालचा ‘गाठ’ हा शब्द त्या विसरल्या नव्हत्या.

ठमी मावशीच्या मांडीवर बसून उजव्या हातातल्या किल्ल्यांशी खेळत होती. अजून धड बोलतही नव्हती.

“झालं ना?” आईनं विचारलं.

“आणखी एक-दोन काढू या.”

एरवी बाई फ्लॅशमधला सतत जळणारा छोटा दिवा प्रखर ठेवत, म्हणजे बाहुल्या बारीक होतात आणि लाली टळते. आज त्यांना लालीच हवी होती. त्यांनी त्या दिव्याचं बटण शून्यावर आणलं, पडदे ओढले आणि थोडं थांबल्या. पोरीचे डोळे दिपू नयेत म्हणून फ्लॅशचा जोर दोन घरं खाली घेतला. मग कॅमेरा तिच्या नजरेला भिडवून जिभेनं टॉक् केलं.

“ठमाबाई, या बांगडीत कोण लपलंय?”

ठमीनं समोर पाहिलं. फ्लॅश पडला.

दोन्ही डोळे लाल. एकसारखे.

त्यांनी मावशीला उजवीकडून किल्ल्या वाजवायला सांगितलं. ठमीची नजर तिकडे वळली आणि डावा डोळा पुन्हा पांढरा आला. बाईंनी श्वास सोडला, पण अर्धाच. त्यांनी आईला स्क्रीनपाशी बोलावलं.

“ताई, लपवत नाही. नजर वळली तरच हे दिसतंय, म्हणजे बहुतेक काही नसावं. पण मी पडले फोटो काढणारी. वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टर बसतात. दाखवून या.”

“आत्ता?” आईचा चेहरा उतरला.

“आत्ताच.”

तिघी जिना चढून गेल्या. बाईंनी फ्लॅशची वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मधे आलेल्या गिऱ्हाइकाला ‘पासपोर्टचा की साधा?’ हे दोनदा विचारलं. तो बिचारा दोन्ही वेळा ‘साधा’ म्हणाला.

अखेर जिन्यावर ठमीचा आवाज आला. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तिनं भोकाड पसरलं होतं. मागून आई डोळे पुसत, हसत आली.

“काही नाही हो. डोळ्याच्या मागे शीर असते म्हणे, तिच्यावर उजेड पडला की पांढरं दिसतं. डोळे ठणठणीत आहेत. डॉक्टर म्हणाल्या, आणलंत ते बरं केलंत.”

बाईंनी स्टूल ओढलं आणि मटकन बसल्या. गिऱ्हाईक कंगवा हातात धरून तसंच उभं होतं.

“मी तर वर देवाला काय काय कबूल करून बसले,” मावशी म्हणाली. “आता आठवतही नाही.”

फोटो निवडायची वेळ आली. आईनं स्क्रीनवर बोट ठेवलं. “हा द्या. मोठा करून.”

बाईंनी पाहिलं. “यातले डोळे काळे करून देते. दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको,” आई म्हणाली. “लालच राहू द्या.”